त्रेसष्ट तासांचा ब्लॉक आणि आमचा ब्लॉक



मागच्या जिल्हा बैठकीत चहाच्या वेळेला एका जुन्या कार्यकर्त्याने मला गाठले. माझ्या पिशवीत मुंबईच्या लोकल गाड्यांसंबंधीची कात्रणे होती, ती त्यांनी पाहिली. म्हणाले, "साहेब, पऱ्हाटीवर अळी, ज्वारीले भाव नाई, अन् तुमी मुंबईच्या लोकलचे कागद घिऊन फिरता. आपलं काय घेनं-देनं जी तिच्याशी?"

प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर मात्र चहा संपेपर्यंत देता येईल एवढे लहान नव्हते, म्हणून ते इथे लिहितो आहे.

आधी घरचे सांगतो. माझ्या बहिणीचा मुलगा दिव्याला राहतो आणि परळच्या एका कार्यालयात हिशेब लिहितो. घरी पाच एकर कोरडवाहू, भाऊ दोन. एकाने शेत धरले, दुसऱ्याने लोकल धरली. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी असाच हिशेब झाला आहे, हे बैठकीत हात वर करायला सांगितले तर कळेल. मंडपातले निम्मे हात तरी वर जातील असे मला वाटते. दिवा, कळवा, मुंब्रा, बदलापूर, नालासोपारा ही नावे आता आपल्या गावच्या म्हाताऱ्या बायांनाही पाठ आहेत, कारण मनीऑर्डर गेली आणि फोनवरून पैसे यायला लागले तरी ते येतात तिथूनच.

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस मध्य रेल्वेने ६३ तासांचा ब्लॉक जाहीर केला. ब्लॉक म्हणजे काम चालू असेपर्यंत त्या रुळावर गाडी नाही. ३० मेच्या मध्यरात्रीपासून २ जूनच्या दुपारपर्यंत. काम दोन ठिकाणी होते. ठाण्याला पाच आणि सहा नंबरचे फलाट रुंद करायचे आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर दहा आणि अकरा नंबरचे फलाट लांब करायचे, म्हणजे २४ डब्यांची गाडी पुरी उभी राहील. त्यासाठी लोकलच्या ९३० फेऱ्या रद्द झाल्या आणि ७२ मेल-एक्स्प्रेस गाड्या रद्द झाल्या. त्यांतल्या एका गाडीचे तिकीट माझ्या खिशात होते. मंत्रालयात एका शिष्टमंडळाबरोबर जायचे होते, ते राहिले. भाच्याचा शनिवारचा पगार कापला गेला. रेल्वे बंद ठेवते रेल्वे आणि दंड भरतो पोरगा, असा तो न्याय. त्याच्या मालकाने ब्लॉकची बातमी वाचली नसेल असे थोडेच आहे.

ब्लॉक जाहीर केल्याप्रमाणे रविवारी दुपारी संपला. पुढचे काही दिवस गाड्या रडतखडत, उशिराने धावल्या, लोकांनी शिव्या घातल्या. मग ठाण्याचा फलाट रुंद झाला तो झालाच. दाराशी लोंबकळणाऱ्याला आणि फलाटावर रेटारेटीत उभ्या असलेल्या बाईला दोन-तीन मीटर जागा जास्त मिळाली. आपल्याला दोन-तीन मीटर म्हणजे धुऱ्याची रुंदी. ठाण्याच्या फलाटावर सकाळी आठ वाजता तेवढ्यात किती माणसे उभी राहतात, ते एकदा जाऊन बघा.

गर्दी म्हणजे काय, हे आकड्याने सांगतो. नऊ डब्यांच्या लोकलमध्ये बसून आणि उभी मिळून सुमारे १७०० माणसे जावीत असा हिशेब. गर्दीच्या वेळी त्याच गाडीत साडेचार हजारांवर जात. एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसे. गाईबैल असे भरले तर पोलीस ट्रक अडवतात. मुंबईच्या उपनगरी रुळांवर २०२३ मध्येही आणि २०२४ मध्येही दोन हजारांहून जास्त माणसे मेली. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या समोरासमोरून गेल्या, दारातली माणसे एकमेकांवर घासली आणि रुळावर पडली. चौघे तर त्याच दिवशी गेले. भाच्याची रोजची वाट तीच. त्या दिवशी त्याचा फोन लागेपर्यंत बहिणीने चूल पेटवली नाही.

तेव्हा "मुंबईचे मुंबईला लखलाभ" असे म्हणणाऱ्या आपल्या काही मंडळींशी माझा मतभेद आहे. मुंबईच्या लोकलवर पैसा खर्च होऊ नये, तो आम्हाला द्या, असे भाषण टाळ्या घेते. मीही पूर्वी असली भाषणे केली आहेत. पण ज्या शेतावर दोन भावांचे भागत नाही तिथून एकाला बाहेर पडायची वाट हवी, हे आपणच सांगत आलो. ती वाट मुंब्र्याच्या वळणावरून जात असेल तर ती धड असावी, हे मागणे आपलेच आहे.

शिवाय ही लाईन मुळात कुणासाठी टाकली? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तिचा फोटो शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी पाहिला. त्या रुळाचे दुसरे टोक कुठे जायचे होते, हे पुस्तक ठळक करून सांगत नाही. ते वऱ्हाडात यायचे होते. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्यांना आपला कापूस हवा झाला. १८६७ मध्ये लाईन नागपूरला पोचली आणि पुढे खामगाव, अमरावतीसारख्या कापसाच्या बाजारांना फाटे फुटले. मग मुंबईतही गिरण्या उभ्या राहिल्या, परळ, लालबाग, वरळी. आपला कापूस आणि घाटावरची माणसे एकाच रुळाने तिथे जात.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. गिरण्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे आले. गिरणीत तीन पाळ्यांत येणारी आणि आसपासच्या चाळींतून चालत येणारी माणसे गेली. त्यांच्या जागी एकाच वेळी, एकाच गाडीने, लांबून येणारी माणसे आली. जमिनीचा भाव शंभर पटींनी चढला, स्टेशनचा जिना मात्र तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या त्या अरुंद पुलावर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मेली. त्यानंतर लष्कराला बोलावले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पूल उभा राहिला. पाच महिने लागले. माणसे मरायच्या आधी एवढीच घाई केली असती तर काय बिघडले असते?

आता थोडे विजेचे सांगतो, कारण त्यात आपल्या मोटारीचे दुखणे आहे. मुंबईत विजेवर गाडी पहिल्यांदा धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, दीड हजार व्होल्टच्या डी.सी. विजेवर. त्या काळाला ती उत्तम होती. पुढे गाड्या वाढल्या, डबे नऊचे बारा झाले, ओझे वाढले. व्होल्टेज कमी आणि काम जास्त म्हणजे करंट जास्त ओढला जातो. तार तापते, वीज वाटेतच जिरते. आपल्या फीडरच्या शेवटच्या टोकाला असलेल्या विहिरीवर मोटार का जळते, हे ज्याने अनुभवले त्याला वेगळे सांगायला नको. रेल्वेने उपाय केला तो असा की सगळी तार २५ हजार व्होल्टच्या ए.सी. विजेवर आणली. पश्चिम मार्ग २०१२ ला झाला, मध्य मार्ग २०१५ ला, हार्बर २०१६ ला. खाली रोज लाखो माणसे जात असताना वरची वीज बदलायची, तीही रात्रीच्या दोन-चार तासांत आणि रविवारच्या ब्लॉकमध्ये. किती वर्षे त्यांनी हे केले! पुलांखाली तारेला जागा पुरत नव्हती, तिथे रूळ खाली घेतले, पूल उचलले. आता वीज कमी जिरते, वेग वाढवता येतो, आणि नव्या गाड्या ब्रेक लावताना वीज तारेत परत टाकतात.

त्या प्रकल्पाच्या बातम्या मी वाचत होतो तेव्हा आमच्या गावचा जळालेला ट्रान्स्फॉर्मर बैलगाडीत घालून तालुक्याला नेण्याची गोष्ट चालू होती. तेलाचे पैसे वर्गणी काढून. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, तुम्ही सगळे ओळखता.

म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक ही मुंबईकराच्या शिव्याशापांची गोष्ट असली तरी मला तिच्यात शहाणपण दिसते. उन्हाळ्यात नांगरट करायची तर शेत रिकामे असावे लागते. पीक उभे ठेवून खोल नांगरट होत नाही. रेल्वे दर रविवारी चार-पाच तास आपले शेत रिकामे करते, रूळ, सिग्नल, तारा तपासते, आणि कुठल्या मार्गावर किती वाजेपर्यंत हे आदल्या दिवशी वर्तमानपत्रात छापते. लोक त्याप्रमाणे लग्नाला जायची वेळ बदलतात.

पण हेही लक्षात घ्या की जाहीर केलेल्या ब्लॉकने होणारा त्रास हा खरा त्रास नव्हे. खरा त्रास जाहीर न झालेल्या वर्षांचा. ठाणे ते दिवा पाचवा आणि सहावा रूळ घ्या. मेल गाड्यांना वेगळी वाट आणि लोकलला वेगळी, एवढीच साधी कल्पना. आपल्या बाजूची गाडी पहाटे कल्याणपर्यंत वेळेवर येते आणि मग लोकलच्या मधे फट सापडेपर्यंत उभी राहते, हे टाटा रुग्णालयात पेशंट नेणाऱ्याने भोगले आहे. तर हा रूळ मंजूर झाला २००८ साली. पुरा झाला फेब्रुवारी २०२२ मध्ये, ७२ तासांचा शेवटचा ब्लॉक घेऊन. त्याने ३६ जादा फेऱ्यांना जागा झाली. रुळावरचे शेवटचे काम ७२ तासांचे, आणि त्याच्या आधी चौदा वर्षे! जागा मिळत नाही, झोपड्या हलत नाहीत, खर्च वाढला, पुन्हा मंजुरी. त्या चौदा वर्षांत दारातून पडलेल्यांची भरपाई कुठल्या ब्लॉकच्या खाती टाकायची? याच योजनेतला कुर्ल्यापासून मुंबईच्या टोकापर्यंतचा भाग तर २०२५ उजाडले तरी झाला नव्हता.

पश्चिम मार्गावर खार ते गोरेगाव सहावा रूळ २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोडला. महिनाभर ब्लॉक चालला, दोन हजारांवर फेऱ्या रद्द झाल्या. अंतर नऊ किलोमीटरही नाही. मुंबईत एवढ्याशा रुळासाठी एवढी उलथापालथ होते, कारण एक वीतभरही मोकळी जागा उरलेली नाही.

झोपड्यांचे थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण त्या झोपड्यांत आपली माणसे होती. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, नगर-सोलापूरकडून जी कुटुंबे मुंबईला गेली त्यांतल्या कितीकांनी रुळाच्या कडेला पाल ठोकले. गाडी दारावरून जायची, म्हणून वेग कमी ठेवावा लागायचा. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प आला, जागतिक बँकेचे कर्ज आले, आणि रूळ-रस्ते मिळून लाखाच्या घरात माणसे हलवावी लागली. त्यात ठरले असे की जागेचा कागद नसला तरी घर मिळेल, २२५ चौरस फुटांचे. हे चांगले झाले, आणि धरणाखाली सातबारा असलेली जमीन देऊनही वर्षानुवर्षे हेलपाटे घालणाऱ्या आपल्या भावांनी ते मुद्दाम लक्षात ठेवावे. पण घर मिळाले ते मानखुर्द-गोवंडीकडे. धुणीभांडी करणाऱ्या बाईची कामे दादर-माटुंग्यात आणि घर खाडीकाठी. चार घरची कामे धरायची तर पहाटे निघायचे, नाहीतर कामे सोडायची. पुनर्वसन म्हणजे खोलीची किल्ली, असे समजणाऱ्यांनी त्या बायांना विचारावे. बँकेच्याच चौकशीत पुनर्वसनाच्या त्रुटी निघाल्या आणि २००६ मध्ये काही काळ कर्जाचे हप्ते थांबवले गेले. इथले सरकार ऐकत नव्हते, ते वॉशिंग्टनने ऐकले.

पुढचे रूळ आता शहराबाहेर चालले आहेत. पनवेल ते कर्जत नवा दुहेरी मार्ग, विरार ते डहाणू दोन रूळ वाढवून चार. म्हणजे रायगड आणि पालघरच्या शेतकऱ्यांची जमीन. तिथल्या भावांना आपला पाठिंबा राहील, आणि तो रूळ अडवण्यासाठी नाही. जमिनीचा भाव रूळ आल्यानंतर जो होणार तो सगळ्यांना आधीच माहीत असतो. इमारत बांधणाऱ्याला माहीत असतो, पुढाऱ्याला माहीत असतो. फक्त जमीन घेताना जो कागद लिहितात त्याला तो माहीत नसतो.

पैशाचेही बोलू. या प्रकल्पांचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात. २०१९ मध्ये मंजूर झालेला टप्पा एकटा ३३,६९० कोटींचा आहे. राज्याचा वाटा म्हणजे त्यात डिझेलवर कर भरणारा ट्रॅक्टरवालाही आला. उपनगरी सेवा तोट्यात चालते असे रेल्वे सांगते, पासाचे दर फार कमी आहेत म्हणते. मी कापसाला बाजाराचा पुरा भाव मागणारा माणूस आहे, त्यामुळे तिकिटालाही खर्चाप्रमाणे भाव पडावा असे म्हणायला मला लाज वाटत नाही. पण पास स्वस्त ठेवण्याचा फायदा कुणाला होतो हे नीट बघा. पास स्वस्त म्हणून बदलापूरहून माणूस येऊ शकतो, म्हणून परळचा मालक त्याला कमी पगारात ठेवू शकतो. ज्वारी स्वस्त ठेवून गिरणीमालकाची मजुरी स्वस्त केली, तोच हा नमुना आहे. तोटा रेल्वेच्या वहीत दिसतो, नफा दुसऱ्याच्या.

आणि भाव वाढवायचा तर माल द्यावा लागतो. वातानुकूलित लोकल डिसेंबर २०१७ मध्ये आली. बंद दारे, कुणी पडत नाही, चांगली गोष्ट. पण साध्या गाडीची वेळ काढून तिथे ती आणली तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरचे लोक रुळावर उतरले, आणि रेल्वेला नव्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. साध्या गाडीत मालडबा असतो. वसई-विरारहून, कर्जतकडून भाजीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बाया त्यातून येतात. सुधारणेच्या नकाशात त्या पाटीला जागा कुठे, हे आपण विचारायचे, कारण पाटीतला माल शेतातला आहे.

आता आपल्या ब्लॉककडे येतो. मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर, आपली शकुंतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठीच टाकलेली अडीच फुटी लाईन. १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन ओढत होते. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव, या गावांच्या बाजाराची ती गाडी. रुंद करू, रुंद करू म्हणत ती बंद पडली आणि रुंद झालीच नाही. अकोला ते खंडवा मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद केली. रुंदीकरण होऊन अकोटपर्यंत गाडी आली २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये. पुढे मेळघाटातून जायचे की वाघांना वळसा घालून, यावर वर्षे गेली. वाघाबद्दल माझी तक्रार नाही. पण मुंबईत ६३ तास गाडी बंद ठेवायची तर रेल्वेचे अधिकारी दूरदर्शनवर येऊन हात जोडतात, एस.टी. आणि बेस्टच्या जादा गाड्या सोडायला सांगतात, तास मोजून सांगतात. आमचा ब्लॉक वर्षांत मोजायचा आणि त्याची सूचना कुठल्या फलकावर लावलेली नाही.

रुंदीकरण आपल्याकडे कामाचे नाही असे कुणी म्हणेल तर त्याला लातूर दाखवा. मिरज-पंढरपूर-कुर्डूवाडी-लातूर ही बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लाईन होती. ती टप्प्याटप्प्याने रुंद झाली, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला जाऊ शकली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. जुन्या रुळावर ती चढलीच नसती.

जिल्हा बैठकीत रेल्वेचा विषय दुसऱ्या दिवशी सकाळी घेतला आहे. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगावच्या कार्यकर्त्यांनी येताना तीन गोष्टी लिहून आणाव्यात. गाडी चालू असताना तालुक्याला जायला काय पडत होते, आता काय पडते, आणि स्टेशनची जागा सध्या कोण वापरतो. मुंबईकडे पोरे असणाऱ्यांनी त्यांना विचारून यावे की ब्लॉकच्या दिवसाचा पगार कुणाकुणाचा कापला. भाच्याची पगाराची चिठ्ठी मी घेऊन येतो.